एक जिल्द, एक लेखक

रविवार, पोळा होऊन गेल्यानंतरचा. वेळ दिवेलागणीच्या जरा आधीची. ठिकाण लातूर, आमच्या घराची गच्ची. हजर: वैशालीताई, नसीम मॅडम, उषाकाकू आणि मी. गैरहजर: ज्योती, घरी पाहुणे आल्यामुळे. चहा माझ्याकडे, चुरमुऱ्यांचा सुशीला उषाकाकूंच्या घरून. विषय: रहस्यकथा आणि भीतीच्या गोष्टी लिहिणारे आपापले आवडते तीन लेखक, पसंतीच्या क्रमाने, कारणासह.

आमच्या वाचनकट्ट्याची टिपणं मी ठेवते, म्हणून सुरुवात अशी झाली. मला सवयच आहे. किराणा, औषधं, आहेर, गॅस कधी लावला, सगळं फ्रीजच्या दारावर लिहिलेलं असतं आणि झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्या संध्याकाळी बाकीच्यांनी पटापट नावं सांगितली. मी दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं आणि पहिल्याजवळ अडले. "पहिलं नंतर देते," म्हटलं. वैशालीताई हसल्या. "विद्याताई, तुमचं काम बाकी राहिलं? आज सूर्य कुठं उगवला होता?" गच्चीवरून खाली रस्त्यावरचे दिवे एकेक लागत होते. सुशील्यातले शेंगदाणे-कोथिंबीर खाता खाता मला एकाएकी खळीचा वास आला. जवळपास कुठेही खळ शिजत नव्हती. तो वास नांदेडचा होता.

नांदेडला आम्ही जुन्या गावात राहत होतो. आप्पा रेल्वेत होते. घर धाब्याचं, वर मातीचं माळवद, आणि शेजारच्या घराशी आमची एक भिंत सामाईक. शेजारी यासीनचाचा राहत. ते जिल्दसाज, म्हणजे पुस्तकांची बांधणी करणारे. पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले, मागच्या खोलीत त्यांचा संसार. उन्हाळ्याच्या दुपारी सगळी गल्ली ओल्या पडद्यांमागे निपचित पडलेली असताना भिंतीपलीकडून ठप्, ठप्, ठप् असा हातोडीचा आवाज यायचा. पुस्तकाची पाठ गोल करण्यासाठी ते ती हळूहळू ठोकत. तो आवाज कानाने ऐकू येण्याआधी पाठीला टेकलेल्या भिंतीतून कळायचा. मधूनच गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर तरंगत यायचं, दूर कुठेतरी इंजिन शिट्टी द्यायचं, आणि चुलीवर मैद्याची खळ रटरटायची. कसर लागू नये म्हणून चाचा त्या खळीत मोरचूद टाकत. तिचा रंग निळसर होई, आणि लहानपणी मला वाटायचं की आभाळसुद्धा असंच कुणीतरी मंद आचेवर शिजवत असणार.

गावातल्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांचं बांधणीचं काम चाचांकडे असे. संत-चरित्रांच्या पाठी वर्षानुवर्षं टिकायच्या. रहस्यकथांच्या मात्र महिन्याभरात मोडायच्या. लोक त्या अंथरुणात वाचत, जेवताना वाचत, पान उलटं दुमडून एका हातात धरून वाचत. अशी मोडकी पुस्तकं आली की चाचा आधी त्यांचे दोरे कापून फर्मे सुटे करत. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे आठ-दहा फर्मे एकावर एक शिवले की झालं पुस्तक. सुटे केलेले फर्मे शिवायला घेईपर्यंत एखादी दुपार आणि संध्याकाळ मध्ये जायची, आणि तेवढ्या अवधीत ते पुस्तक आमच्या दोन्ही घरांचं असायचं.

एकच पुस्तक घरातली सगळी माणसं एकाच वेळी वाचत आहेत, हे मी नंतर कुठेही पाहिलं नाही. आप्पा पहिला फर्मा घेत, तो संपला की दुसरा. दुसरा कुणाच्या हातात असला तर हात मांडीवर ठेवून वाट पाहत, पण तिसऱ्याला शिवत नसत. आई थेट शेवटचा घ्यायची. "कोणी केलं ते कळलं की जिवाला बरं वाटतं," ती म्हणे, "मग फोडणी करपत नाही." मग ती आप्पांकडे बघून नुसती गूढ हसायची आणि आप्पा कानांवर हात ठेवून माळवदावर जायचे. मला उरायचे मधले. आणि रेणापूरहून उन्हाळ्यात ज्वारीचं पोतं घेऊन येणारी सोनाआत्या, जिला वाचता येत नव्हतं, ती माझ्याशेजारी आडवी व्हायची. "आत्या, हे मधूनच सुरू होतंय गं," मी सांगायची. "वाच बया, कुठूनबी वाच," ती डोळे मिटून म्हणायची. "मेलेला मेलाच हाय. त्याला कुठं उठून बसायचंय?"

अशा वाचनातून माझी लेखक जोखण्याची एक रीत तयार झाली, ती अजून बदललेली नाही. पहिला फर्मा कुणालाही जमतो. प्रेत सापडतं, दार आतून बंद असतं, वाचणारा गुंततो. शेवटही कसाबसा जमवता येतो. पण मागचं-पुढचं काही माहीत नसताना मधला फर्मा हातात आला आणि तरी तो खाली ठेववेना, तर तो लेखक खरा. आमच्या घरात दोघांची चलती होती. आप्पांचे लाडके भास्कर तिसगावकर. त्यांच्या पुस्तकांत बुटांचे ठसे, तिकिटांचे तुकडे, थांबलेली घड्याळं. वाचताना डाळ निवडल्यासारखं वाटे, खडा सापडला की समाधान. आईच्या लाडक्या मालती हडसनीकर. त्यांच्याकडे फारसं कुणी मरत नसे. नुसता जिन्यावर पायरव, हलणारा पडदा, दुधाच्या पेल्यावर ठेवलेली बशी सकाळी भलतीकडेच. हडसनीकरांच्या मधल्या फर्म्याने मला भर दुपारी परसात एकटीला जायची चोरी केली होती. पण शेवटी त्या सगळं स्वप्नात घडवून टाकत, आणि आईची भाकरी तव्यावर आपटल्याचा आवाज आला की कळायचं, पुन्हा स्वप्नच निघालं.

तिसरा लेखक भिंतीपलीकडचा. तनवीर बिदरी. तो उर्दूत लिहायचा, त्यामुळे मी त्याचं एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. तो मला ऐकून माहीत होता, मेहरखालाच्या तोंडून. मेहरखाला म्हणजे चाचांची बायको. हैदराबादच्या छापखान्यांतून चाचांकडे रद्दीची पोती येत. ते कागद एकावर एक चिकटवून ते पुठ्ठे बनवायचे. त्या पोत्यांतून खाला आपल्याला हवं ते निवडून बाजूला काढी, जेवायला अंथरायच्या जुन्या दस्तरख्वानात गुंडाळून फळीवर ठेवी. दुपारी कामं आटोपली की ती माळवदाच्या जिन्याखाली सावलीत बसायची, आम्ही बायका-पोरी भोवती, मध्ये खिचडी-खट्ट्याचं पातेलं नाहीतर भाजलेल्या चिंचोक्यांची परात. ती एक ओळ उर्दूत वाचायची, नुसती चव यावी म्हणून, आणि मग पुस्तक मांडीवर ठेवून आपल्या मराठीत सांगू लागायची. "हौ, तर मग त्यानं काय केलं, दिवा नाही इझवला. दिवा ठेवला चालू, अन् स्वतः गेला अंधारात बसायला." तिचा आवाज किंचित घोगरा होता. वाक्य संपवताना ती श्वास आत घ्यायची, त्यामुळे प्रत्येक वाक्य आतल्या खोलीत निघून गेल्यासारखं वाटायचं. आम्ही त्याच्या मागोमाग जायचो.

बिदरीची गंमत म्हणजे त्याच्या गोष्टी हैदराबादच्या कुठल्यातरी हवेलीत सुरू होत आणि शेवटाकडे येता येता आपल्याकडेच यायच्या. खुनी गोदावरीच्या घाटावर उतरायचा, भोकरच्या फाट्यावर चहा प्यायचा, आणि पकडला जायचा तो आमच्या भाजीमंडईच्या मागच्या बोळात. मी एकदा आश्चर्याने विचारलंसुद्धा, "खाला, ह्या बिदरीला आपला बोळ कसा माहीत?" खाला चिंचोका दातांखाली फोडत म्हणाली, "मोठा रायटर आहे बेटा. मोठ्या लोकांना सगळं ठाऊक असतंय." आणि मोठा तो होताच. तिसगावकरांचा खुनी सापडला की पुस्तक संपायचं. बिदरीचा खुनी सापडला की कुणीतरी त्याला पाणी द्यायचं. त्याची आई कुठेतरी वाट बघत असायची. सोनाआत्या डोळे पुसत म्हणायची, "लई वंगाळ झालं गं. पर पानी दिलं ते बरं केलं."

मग आप्पांची लातूरला बदली झाली. आज नांदेड-लातूर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. तेव्हा मला ते दुसरं राज्य वाटलं. निघायच्या आधीच्या आठवड्यात यासीनचाचांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. शिकंजा, म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी दाब, घट्ट आवळत ते म्हणाले, "विद्या बेटी, तुला एक जिल्द बांधून देणार मी. चामड्याची पाठ, सोन्याची अक्षरं. लायब्रीवाल्यांनी बाद केलेली पुस्तकं माझ्याकडे हायेत. बोल, कोणता लेखक?" मी म्हटलं, "तिसगावकर आणि हडसनीकर, अर्धे अर्धे." त्यांनी मान हलवली. "न्हाई. एक जिल्द, एक लेखक. माझ्या वालिदसाहेबांचा नेम आहे. दोघांना एका जिल्दीत घातलं की भांडतात. रात्री पानं फाटतात." ते हसले नाहीत, त्यामुळे मला ते खरं वाटलं. आजही माझ्या कपाटात दोन लेखक एकमेकांना टेकून ठेवताना हात जरा अडखळतो.

झालं, घरात निवडणूक सुरू झाली. सामानाची बांधाबांध एकीकडे आणि आप्पा-आईचा प्रचार दुसरीकडे. आप्पा म्हणायचे, "तिसगावकर घे. डोकं चालायला लागेल, गणित सुधारेल." आई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता म्हणायची, "हडसनीकरबाई घे गं. नव्या गावात एकटं वाटलं तर भीती तरी सोबत राहील." मी मात्र दुपारभर माळवदाच्या कठड्याला टेकून डोळे मिटून माझी परीक्षा घेत होते. प्रत्येकाचा मधला फर्मा आठवून बघत होते. तिसगावकरांचा मला आठवेना. हडसनीकरांचा आठवला आणि मान मागे वळली. बिदरीचा आठवला तेव्हा मी उठून बसले, कारण तो छापलेला फर्मा नव्हताच. तो जिन्याखालची सावली, चिंचोके आणि तो आत जाणारा श्वास होता. लातूरला हे नसणार, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. पुस्तक नेता येतं, बाकीचं राहतं. मग निदान ते पुस्तक तरी तेच हवं.

मी जाऊन सांगितलं, "चाचा, बिदरी." हातोडी थांबली. आतून मेहरखाला ओढणीला हात पुसत बाहेर आली. "नक्को बेटा, ते नक्को. तुला कुठं वाचता येतंय?" मी म्हटलं, "आप्पांना येतं की." आप्पांचं पहिलं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. ते अजूनही पाढे उर्दूत म्हणत. खालाचा चेहरा एकदम उतरला. ज्या बाईने मला कधी लोणच्याच्या फोडीला नाही म्हटलं नव्हतं, मागितलं तर डोक्यावरची ओढणी दिली असती, ती चार फाटक्या रद्दीच्या पुस्तकांना नाही म्हणत होती. "दुसरं काही बी माग," ती म्हणाली. "माझी चांदीची सुरमादानी घे." मला रडू आलं. सुरमादानी घेऊन मी काय करणार होते? घरी येऊन मी सांगितलं की मला काहीच नको, आणि माळवदावर जाऊन बसले. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्या दोघांचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं, खाला जोरात, चाचा थोडं. शब्द कळत नव्हते. मग ठप्, ठप्, ठप्.

निघायच्या दिवशी ट्रकमध्ये सामान चढत असताना खालाने मला शेवटचं जिन्याखाली बसवलं. हातात त्या दिवशी पुस्तक नव्हतं. गोष्ट हिमायतनगरच्या वाटेवरच्या एका मुसाफिरखान्याची होती. पावसात अडकलेले तीन प्रवासी: एक अत्तरवाला, एक हकीम आणि पोपटाचा पिंजरा घेऊन निघालेली एक विधवा. चौथा एक होता. सकाळी त्याचा बिछाना रिकामा, ताटातली खिचडी मात्र अजून वाफाळती. "अन् बेटा, तो मिठ्ठू," खाला म्हणाली, "जो कावळा दिसला तरी वरडायचा, तो त्या रात्री एकदा बी नाही बोलला. कायकू?" तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न दिला. आई हाक मारू लागली. "कायकू खाला? सांग ना लवकर!" खालाने माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि मला दाराकडे वळवलं. दारात यासीनचाचा उभे होते. त्यांच्या हातात ती जिल्द होती, तांबूस चामड्याची पाठ, तिच्यावर सोनेरी उर्दू अक्षरं, जाड, जड, खळीचा ओला वास येणारी. त्यांनी ती मला दिली नाही. दोन्ही हातांनी आप्पांना दिली. "साब," ते म्हणाले, "वाचणार तुम्ही. जरा संभाळून वाचा." आप्पा रेल्वेच्या बारा गावांचं पाणी प्यायलेले होते. त्यांनी जिल्द उघडली, चार-दोन पानं उलटली, मिटली आणि म्हणाले, "संभाळून वाचतो, यासीनभाई."

लातूरच्या नव्या घरात भिंतींना आवाज नव्हता. पाठ टेकली तर नुसती भिंत. सोनाआत्या रेणापूरहून हाताखाली म्हणून आली होती. दिवेलागणीला आई चुलीवर येसर आमटी करत होती, तिचा तिखट वास घरभर, आणि आप्पांनी जिल्द मांडीवर घेतली. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मला हायसं वाटलं. गोष्ट माझ्या ओळखीची होती, हवेली, दिवा, अंधारात बसलेला माणूस. आप्पांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. ते अडखळत मराठी करत होते, पण बिदरी तोच होता. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी खुनी पळाला आणि आप्पा म्हणाले, "तो धावतच स्टेशनवर आला. पण मनमाड पॅसेंजर नुकतीच सुटली होती, आणि स्टेशनमास्तरांनी लाल बावटा..."

"आप्पा, असं नाहीये," मी म्हटलं. "तो घाटावर जातो. होडीवाला त्याला ओळखतो."

"इथं असंच लिहिलंय," आप्पा म्हणाले आणि पुढे वाचू लागले. बिदरीला रेल्वेचं एवढं ज्ञान कधीपासून, असा विचार करत मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट थांबलेलं होतं. वाचन चालू होतं. मी उठून त्यांच्या मागे गेले. पानावर मोठी मोठी अक्षरं होती, आणि अक्षरांच्या वर एका बकरीचं चित्र होतं. छान, पोटभर चरलेली, गळ्यात घंटा असलेली बकरी.

"आप्पा," मी म्हटलं, "ह्या पॅसेंजरमध्ये बकरी पण आहे का?"

आप्पांनी पान झाकलं नाही. त्यांनी चष्मा काढला. "मालगाडी म्हणायचं होतं मला," ते म्हणाले. आई चुलीपासून उठून आली, तिने पान बघितलं आणि तोंडाला पदर लावला. सोनाआत्याने डोळे उघडले. "काय झालं? घावला का त्यो?" "बकरी घावली," आई म्हणाली आणि जमिनीवर बसूनच हसू लागली.

मग नांदेडच्या दारात पानं उलटतानाच आपल्या लक्षात आलेलं सगळं आप्पांनी सांगितलं. रद्दीत पूर्ण पुस्तक कधीच येत नसे. छापखान्यात बिघडलेले, जास्तीचे, सुटे फर्मे यायचे. खालाला बिदरीचे पहिले फर्मे मिळाले होते, कुठे एक, कुठे दोन. पुढचं तिने कधी पाहिलंच नव्हतं. चाचांनी जिल्द भरदार दिसावी म्हणून त्या फर्म्यांच्या मधे-मागे जे कागद हाताशी होते ते शिवले होते: मुलांचं उर्दू पहिलीचं पुस्तक, कुठल्यातरी दवाखान्याची जाहिरात, हिशेबाच्या कोऱ्या चौकटी. "सगळ्या गोष्टींचं असंच?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "सगळ्यांचं. पहिला फर्मा बिदरीचा. पुढचं सगळं..." आणि त्यांनी बोटाने दाखवलं ती दिशा नांदेडची होती की नाही माहीत नाही, नव्या घरात आम्हाला अजून दिशा कळल्या नव्हत्या.

घाट, भोकरचा फाटा, आमचा बोळ, पाणी देणारा हात, वाट बघणारी आई. माझा बिदरी जिथे माझा झाला, तिथे बिदरी नव्हताच. मी जिल्द आप्पांच्या मांडीवरून उचलली. आता ती जड वाटत होती की हलकी, हे ठरवत होते. फसल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि मी तसं वाटून घ्यायचा प्रयत्नही केला. पण डोळ्यांसमोर येत होता तो खालाचा चेहरा, सुरमादानी पुढे करणारा. ती पुस्तकासाठी नव्हती अडली. तिच्या जवळची ती पुस्तकं आम्ही उघडून बघणार होतो, आणि त्यांत ती कुठेच छापलेली नव्हती.

"मग मी निवडलं कुणाला?" मी विचारलं.

आई डोळे पुसत होती. ती म्हणाली, "ते तुझं तू बघ. मी दुसरंच बघून राहिले. यासीनभाईंनी बिदरी अन् मेहर, दोघांना एका जिल्दीत बांधलं की गं. वडलांचा नेम मोडला." तिने चामड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "अन् भांडले नाहीत की."

दिवाळीच्या सुट्टीत मी आप्पांबरोबर नांदेडला गेले. खाला दारातच होती, पण जवळ आली नाही. चाचांनी हातातली सुई खाली ठेवली. मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते दारातच सोडलं. जिन्याखाली जाऊन बसले आणि म्हटलं, "खाला, मिठ्ठू का नाही बोलला?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुझ्या आप्पांनी वाचून नाही दाखवलं?"

"दाखवलं. पण पुढं बकरी आहे."

"बकरी?" तिने चाचांकडे बघितलं. "मियाँ! बकरी घातली तुम्ही? या अल्ला, शिवायच्या आधी बघायचं तरी!" आणि ती हसायला लागली, ओढणीत तोंड लपवून, खांदे हलेपर्यंत. चाचाही हसले, मीही. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले, त्यात हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, मी विचारलं नाही. मग ती चिंचोक्यांची परात ओढून माझ्याशेजारी बसली. "ही गोष्ट बिदरीची बी नव्हती," ती हळूच म्हणाली. "पहिल्यापासून माझीच. ट्रक उभा होता, तू रडत होतीस, म्हणून सुरू केली. शेवट मला बी ठाऊक नाही बेटा. तूच सांग, तो मिठ्ठू कायकू नाही बोलला?"

मी तिथल्या तिथे हकिमाचं नाव घेतलं. त्याने पोपटाला गुंगीचं औषध दिलं असणार. खालाने तोंड वाकडं केलं. "हे तर तिसगावकर झालं. जल्दी नको. नीट विचार कर, मग मला येऊन सांग. आता ही तुझ्याकडे."

पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं, सगळं लातुरात झालं. यासीनचाचा गेले तेव्हा त्यांचा शिकंजा कुणी घेतला नाही, तो अजून त्या घरात आहे आणि त्याच्यावर नातवंडं बसतात. मी खूप वाचलं, देशोदेशीचं वाचलं, कितीतरी खुनी पकडले. प्रत्येक वेळी मधल्या फर्म्याची परीक्षा घेतली, आणि पुष्कळसे लेखक तिथेच नापास झाले. बिदरीचं एखादं पूर्ण पुस्तक कधी मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. मेहरखाला आता खूप म्हातारी झाली आहे, लेकीकडे असते, नांदेडातच. दिसत नाही तिला फारसं. फोन लावला की तब्येतीचं दोन शब्दांत उरकते आणि मग तोच घोगरा आवाज, तोच आत घेतलेला श्वास: "मिठ्ठू बोला क्या?" मी म्हणते, "अजून नाही गं खाला." ती म्हणते, "मग लवकर बोलव त्याला. मी किती दिवस बसू?" पूर्वी ती हे हसून म्हणायची. गेल्या खेपेला हसली नाही.

तर रविवारच्या टिपणाबद्दल. वैशालीताईंना फोनवर विचारलं तर त्यांचं म्हणणं, लेखक म्हणजे ज्यांचं पुस्तक छापलं गेलं आहे तेच धरायचे, नाहीतर घोळ होतो. कट्ट्यासाठी तो नियम पूर्वी मीच केला होता, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. तरी आज मी तिसऱ्या क्रमांकावर तिसगावकर, दुसऱ्यावर हडसनीकरबाई कायम केल्या आणि पहिल्यावर लिहिलं: मेहरुन्निसा, नांदेड. कारणाच्या जागी लिहिलं: मधला फर्मा. कुणी विचारलं तर जिल्द घेऊन जाईन आणि बकरी दाखवीन.

येत्या रविवारी नांदेडला जायचं आहे. यादी फ्रीजवर लावली आहे. गाडीची वेळ बघितली, रेघ मारली. खालाच्या डोळ्यांचे थेंब घेतले, रेघ मारली. भाजलेले चिंचोके, आता तिला चाववत नाहीत, पण वास घेईल म्हणून घेतले, रेघ मारली. जिल्द पिशवीत ठेवली, रेघ मारली. सगळ्यात खाली एकच ओळ उरली आहे: मिठ्ठू का बोलला नाही. दुपारभर टेबलाशी बसून आहे. मुसाफिरखाना दिसतो, पाऊस दिसतो, ताटातली वाफ दिसते. पिंजऱ्यावर कुणीतरी ओढणी टाकली आहे, एवढं आज पहिल्यांदा दिसलं. कुणाची ओढणी, ते अजून नाही.